एक ओळ बदलली की दुसरीकडे बिघडतं: नवशिक्यांच्या पायथॉन कोडसाठी समस्या निवारण

प्रोग्राम नीट चालत असतो. कुणीतरी एक छोटासा बदल सांगतं, तुम्ही एक ओळ बदलता, आणि ज्या भागाला हातही लावला नव्हता तिथून चुकीचं उत्तर यायला लागतं. ते दुरुस्त करावं तर तिसरीकडे काहीतरी मोडतं. प्रोग्रामिंग शिकायला लागून चार-सहा महिने झाले की हा त्रास बहुतेक सगळ्यांनाच होतो. त्याचं मूळ दोनच गोष्टींत असतं: एकच नियम चार जागी लिहिलेला असतो, किंवा एकच गोष्ट चार जागांहून नकळत बदलली जात असते. कोड स्वच्छ करायचा म्हणजे या दोन गोष्टी शोधून काढायच्या. सुबक दिसणं त्यानंतरचं.

उदाहरण म्हणून हाउसिंग सोसायटीच्या मासिक मेंटेनन्स बिलाचा प्रोग्राम घेऊ. सीएसव्ही फाइलमधून फ्लॅटची माहिती वाचायची, सेवा शुल्क, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा निधी), नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं शुल्क) आणि थकबाकीवरचं व्याज काढायचं आणि बिल छापायचं. यातले नियम खरे आहेत आणि सर्वसाधारण सभेत बदलतात, त्यामुळे दोष चटकन उघडे पडतात. आज्ञा आणि पायथॉनचे शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतच करा.

लक्षणं

- पहिल्या फ्लॅटचं बिल बरोबर येतं, पुढच्या प्रत्येकाचं वाढत जातं.
- १०१ चा दंड १०२ च्या बिलात दिसतो.
- यादीत ४० फ्लॅट आहेत, बिल एकाचंच निघतं.
- दोन ओळींची जागा बदलली, एरर काही नाही, पण रक्कम वेगळी आली.
- बिलावर एक आकडा, पावतीवर दुसरा. फरक एका रुपयाचा.
- 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' किंवा 'नन-टाइप' असा एरर, तोही कालपर्यंत चालत असलेल्या ओळीवर.
- कुठलाच एरर येत नाही आणि काही फ्लॅट यादीतून गायब असतात.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर कारणंही एकाहून जास्त आहेत असं धरून चाला. पुढच्या तपासण्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या तपासण्यांना दहा-दहा मिनिटं लागतात आणि त्यातच बरेच दोष निघतात.

आधी हे करा

कशालाही हात लावण्यापूर्वी आत्ताचा कोड गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) कमिट करा, म्हणजे त्याची नोंद करून ठेवा. मग प्रोग्राम रन करून त्याचं सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा. ते चुकीचं असलं तरी चालेल. पाच फ्लॅट निवडून त्यांची बिलं कागदावर हाताने काढा: एक साधा, एक भाड्याने दिलेला, एक थकबाकीदार, एक आगाऊ रक्कम भरलेला आणि एक ज्याची रक्कम पन्नास पैशांवर संपते असा. प्रत्येक बदलानंतर नवं आउटपुट जुन्याशी ताडून पाहा. विंडोजवर त्यासाठी एफसी ही आज्ञा आहे, लिनक्स आणि मॅकवर डिफ. नुसती साफसफाई केली असेल तर एका अक्षराचाही फरक पडता कामा नये. फरक दिसला तर साफसफाईच्या नावाखाली हिशेब बदलला आहे, आणि तो कुठे बदलला हे तिथल्या तिथे कळतं.

एका कमिटमध्ये एक तर साफसफाई करा, नाहीतर हिशेबातला बदल. दोन्ही एकत्र केलं की उद्या बिघाड आल्यावर त्याचा दोष कुणाला द्यायचा ते सांगता येत नाही. इतकी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

१. फाइलचं आणि व्हेरिएबलचं नाव (पाच मिनिटं)

तुमच्या फाइलचं नाव पायथॉनच्या एखाद्या मोड्यूलसारखंच आहे का? सीएसव्ही शिकताना फाइललाही 'सीएसव्ही डॉट पीवाय' असं नाव सहज दिलं जातं. इम्पोर्ट करताना पायथॉन आधी तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधतो, त्याला तुमचीच फाइल सापडते, आणि मग 'डिक्टरीडर नाही' असा बुचकळ्यात टाकणारा एरर येतो. रँडम, ईमेल, कॅलेंडर या नावांचंही हेच होतं. नाव बदला.

व्हेरिएबलच्या बाबतीत 'सम', 'लिस्ट', 'मॅक्स', 'इनपुट' ही नावं शोधा. बेरीज करताना 'सम' नावाच्या व्हेरिएबलमध्ये रक्कम साठवली की त्या फाइलमध्ये सम हे फंक्शन उरत नाही, तो एक आकडा होऊन बसतो. वीस ओळींनंतर सम वापरायला गेलात की 'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'. एरर विसाव्या ओळीवर दिसतो, चूक पहिल्या ओळीवर असते.

२. फॉरमॅटर आणि लिंटर (दहा मिनिटं, फुकट)

फॉरमॅटर कोडची मांडणी नीट करतो, लिंटर कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवतो. रफ हे साधन दोन्ही कामं करतं. 'पिप इन्स्टॉल रफ' करा, मग 'रफ फॉरमॅट' आणि 'रफ चेक'. फॉरमॅटर इंडेंटेशन चार स्पेसचं करतो, ओळी ८८ अक्षरांच्या आत बसवायचा प्रयत्न करतो. कुणाची शैली बरोबर यावर वाद घालण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो आहे. त्याने केलेले बदल वेगळे कमिट करा.

लिंटर कामाच्या गोष्टी दाखवतो. एफ८२१ म्हणजे कुठेच न ठरवलेलं नाव, बहुधा स्पेलिंगची चूक. एफ८४१ म्हणजे व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवली आणि ती पुढे कुठेच वापरली नाही. हिशेबातला एखादा टप्पा राहून गेल्याची ही खूण असते. एफ८११ म्हणजे वर लिहिलेलं नाव वापरण्याआधीच खाली पुन्हा लिहिलं आहे. एकाच नावाची दोन फंक्शनं असतील तर खालचं चालतं आणि तुम्ही वरचं दुरुस्त करत बसता. रफच्या एक्सटेंड-सिलेक्ट या पर्यायात ए, बी आणि सी९० हे नियमांचे गटही द्या. पुढचे काही दोष त्यातच पकडले जातात.

लिंटरला न सापडणारी एक चूक डोळ्यांनीच पाहावी लागते: रिटर्न एक पायरी जास्त आत गेला की तो लूपच्या आत येतो. पायथॉनच्या दृष्टीने ते पूर्ण वैध आहे, म्हणून एरर नाही. फंक्शन पहिल्याच फेरीत परत येतं आणि ४० पैकी एकाच फ्लॅटचं बिल निघतं.

३. एरर गिळणाऱ्या ओळी (पंधरा मिनिटं)

कोडमध्ये कुठे मोकळा 'एक्सेप्ट' आणि त्याखाली 'पास' आहे का ते शोधा. फ्लॅट गायब होण्याचं हेच नेहमीचं कारण. रिकाम्या रकान्यासाठी म्हणून ते टाकलेलं असतं, पण मोकळा एक्सेप्ट सगळंच गिळतो: स्पेलिंगची चूक, डिक्शनरीतली चुकीची की, इतकंच काय, कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवणंसुद्धा. तो काढून टाका आणि प्रोग्राम मोडू द्या. आता जो एरर दिसेल तो खरा.

सीएसव्हीच्या बाबतीत बहुधा तीनपैकी एक एरर निघतो. रक्कम '२,५००' अशी स्वल्पविरामासकट लिहिली असेल तर फ्लोट ती घेत नाही, व्हॅल्यूएरर येतो. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह असतं. ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतं आणि समोर दिसत असलेल्या रकान्यासाठीही कीएरर येतो. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. तिसरा त्रास मराठी नावांचा: एन्कोडिंग दिलं नाही तर विंडोजवर पायथॉन बरेचदा जुनं एन्कोडिंग गृहीत धरतो, आणि सभासदांची नावं विचित्र चिन्हांत दिसतात किंवा फाइल उघडतच नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग दर वेळी लिहाच.

हे झालं की एक्सेप्ट परत टाका, पण फक्त व्हॅल्यूएररसाठी, फक्त त्या एका ओळीभोवती, आणि आत 'पास' ऐवजी फ्लॅट क्रमांक छापणारी ओळ लिहा.

४. नावं, आणि एकाच नावाला दोन कामं (एक तास)

इथे घाई करू नका. दोन ओळींची जागा बदलली आणि रक्कम बदलली, हे लक्षण इथलं आहे.

एक नमुना पाहा. प्रोग्राममध्ये 'रक्कम' नावाचं व्हेरिएबल आहे. आधी तिच्यात सेवा शुल्क येतं, २,००० रुपये. मग नॉन-ऑक्युपन्सीची ओळ: रक्कम गुणिले ०.१०, म्हणजे २००. मग सिंकिंग फंड आणि बाकीचे आकार त्याच 'रक्कम'मध्ये मिळवले जातात आणि ती २,९०० होते. उत्तर बरोबर आहे. पुढे कुणीतरी बिलावरचा क्रम नीट दिसावा म्हणून नॉन-ऑक्युपन्सीची ओळ खाली नेतं. आता तीच ओळ २,९०० चे दहा टक्के काढते: २९०. एरर नाही, सूचना नाही, आणि प्रत्येक भाड्याच्या फ्लॅटला ९० रुपये जास्त लागले. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे प्रोग्रामने सोसायटीला नियमबाह्य वसुली करायला लावली.

दोष ओळ हलवणाऱ्याचा नाही. एका नावाला दोन अर्थ होते आणि कुठला अर्थ कुठे लागू आहे हे फक्त ओळींच्या क्रमावरून कळत होतं. उपाय सोपा आहे: 'सेवा_शुल्क' वेगळं, 'सिंकिंग_फंड' वेगळा, 'नॉन_ऑक्युपन्सी' वेगळं आणि शेवटी 'एकूण_बिल'. एकदा ठेवलेली किंमत परत बदलायची नाही. मग ओळी वरखाली झाल्या तरी उत्तर तेच येतं, किंवा नाव अजून ठरलेलं नाही असा एरर येतो. दोन्ही चालेल.

नावात एकक लिहा. 'व्याजदर' एवढ्याने भागत नाही, 'वार्षिक_व्याजदर' हवं. सोसायट्यांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याजाची तरतूद आहे. हा दर महिन्याचा समजून ३,००० च्या थकबाकीवर लावला तर ६३० रुपये होतात. खरं मासिक व्याज ५२.५० आहे. नावात 'वार्षिक' असतं तर बाराने भागायचं राहिलं हे वाचतानाच खटकलं असतं.

नाव बदलताना शोधा-आणि-बदला वापरू नका. व्हीएस कोडमध्ये नावावर कर्सर ठेवून एफ२ दाबा, ते व्हेरिएबल जिथे खरंच वापरलं आहे तिथेच नाव बदलतं.

पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावंही चालतात. सरावासाठी ती चांगली आहेत, मात्र दुसऱ्या टीमबरोबर काम असेल तर रोमनच वापरा. देवनागरीत एक अडचण अशी की काही कीबोर्ड 'दुसऱ्या' मधला अर्धा र लिहिताना मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. नावात ते आलं की पायथॉन 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' म्हणून अडतो आणि डोळ्यांना काहीच चूक दिसत नाही.

५. मध्येच लिहिलेले आकडे

०.१०, ०.२१, ०.००२५ असे आकडे हिशेबात सुटे दिसले की त्यांना फाइलच्या वर नाव द्या. सभेने व्याजदर बदलला की एकच ओळ बदलायची. फक्त किंमत सारखी आहे म्हणून दोन नियमांना एकच नाव देऊ नका. नॉन-ऑक्युपन्सी दहा टक्के आणि आगाऊ भरणाऱ्यांना सवलतही दहा टक्के असली तरी ती दोन नावं आहेत. उद्या त्यातलं एकच बदलेल.

६. सगळ्यांत वाटली गेलेली यादी (एक ते दोन तास)

१०१ चा दंड १०२ च्या बिलात जातो तो इथून. फंक्शनला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिलेली असते: 'दंड_जोडा(रक्कम, यादी=[])'. वाटतं की प्रत्येक वेळी नवी रिकामी यादी मिळेल. पण पायथॉन ती यादी फक्त एकदा बनवतो, 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा. त्यानंतर यादी न देता केलेल्या प्रत्येक कॉलला तीच यादी मिळते, आधीच्या फ्लॅटचे दंड त्यात असतातच. डिफॉल्ट 'नन' ठेवा आणि फंक्शनच्या आत, नन असेल तर नवी लिस्ट बनवा. रफचा बी००६ नियम हे दाखवतो.

याचीच दोन भावंडं आहेत. ४० फ्लॅट आणि १२ महिन्यांचा तक्ता '[[०]*१२]*४०' असा बनवला तर ४० ओळी तयार होतच नाहीत. एकाच ओळीकडे ४० वेळा बोट दाखवलेलं असतं. एका फ्लॅटचा एप्रिल भरला की सगळ्यांचा एप्रिल भरतो. आणि लिस्टवर लूप चालू असताना त्याच लिस्टमधून फ्लॅट काढले तर सलग दोनपैकी दुसरा तपासलाच जात नाही, कारण पहिला काढल्यावर तो पहिल्याच्या जागी सरकतो आणि लूप त्याला ओलांडून जातो. हवे ते फ्लॅट नव्या लिस्टमध्ये घ्या.

बिल वाढत जाण्याचं कारण मात्र बहुधा 'ग्लोबल' हा शब्द असतो. फंक्शनमध्ये बाहेरचं व्हेरिएबल बदलताना अनबाउंडलोकलएरर येतो, आणि ग्लोबल लिहिलं की तो जातो. पण 'एकूण' दुसऱ्या फ्लॅटसाठी शून्य कुणी करत नाही. ग्लोबल काढा, लागणारी किंमत कंसातून आत द्या, उत्तर रिटर्नने बाहेर घ्या. रिटर्नऐवजी प्रिंट लिहिलेलं असेल तर फंक्शन नन देतं. 'नन-टाइप'चा एरर तिथला.

७. एका रुपयाचा फरक

फ्लोटमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४ येतात, कारण ०.१ ही किंमत द्विमान पद्धतीत नेमकी बसत नाही. दुसरं म्हणजे पायथॉनचा राउंड नेमक्या अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. वरचं ५२.५० चं व्याज राउंड केलं तर ५२ येतात, ५३.५० चे मात्र ५४. सेक्रेटरी हाताने ५३ काढतात आणि प्रोग्राम चुकला म्हणतात. त्यांच्या नियमाप्रमाणे तो चुकलाच आहे.

पैशांसाठी डेसिमल (पायथॉनचा नेमका दशांश प्रकार) वापरा आणि किंमत अवतरणात द्या, डेसिमल('०.२१') अशी. अवतरणाशिवाय दिलीत तर फ्लोटची चूकच आत जाते. पूर्णांक करताना क्वांटाइझ आणि 'राउंड हाफ अप' (नेमका अर्धा वर नेणारा नियम) वापरा. पूर्णांक करणं शेवटी, एकदाच. बिलात प्रत्येक ओळीला आणि पावतीत फक्त बेरजेला राउंड केलं तर दोन कागदांवर दोन आकडे येणारच.

८. एकच सूत्र तीन जागी, आणि दोनशे ओळींचं फंक्शन (एक-दोन दिवस)

हे सगळ्यांत अवघड, म्हणून शेवटी. बिल, पावती आणि थकबाकीची यादी, तिन्हीकडे व्याजाचं सूत्र पेस्ट केलेलं असतं आणि दुरुस्ती दोनच जागी झालेली असते. आधी तिन्ही सूत्रं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा. फरक दिसला तर त्यातलं बरोबर कुठलं हे ज्याचा नियम आहे त्याला विचारा. मग 'मासिक_व्याज(थकबाकी, वार्षिक_दर)' असं एक फंक्शन लिहा आणि एकेक जागा बदलत, दर वेळी आउटपुट ताडत पुढे जा.

मोठं फंक्शन तीन भागांत तोडा: वाचणं, हिशेब, छापणं. हिशेबाच्या भागात ओपनही नको, प्रिंटही नको. तसं झालं की हाताने काढलेली पाच बिलं 'असर्ट'च्या (उत्तर जुळलं नाही तर एरर देणाऱ्या) पाच ओळींत लिहून ठेवता येतात आणि तपासणी काही सेकंदांत होते. सी९० चा नियम एका फंक्शनमधल्या वाटा मोजतो आणि दहाच्या पुढे गेल्या की सांगतो. तो आकडा पाळण्यासाठी उगाच तीन-तीन ओळींची फंक्शनं करू नका; ज्याला नेमकं नाव देता येत नाही तो तुकडा वेगळा काढण्याजोगा नसतो.

थांबा आणि अनुभवी माणसाला बोलवा

चुकीची बिलं आधीच वाटली गेली असतील तर कोडला हात लावू नका. सेक्रेटरी आणि लेखापरीक्षकांना आधी कळवा. मागची दुरुस्ती हिशेबाच्या वहीतून होते, प्रोग्राममधून गुपचूप नाही. चालू डेटाबेसचा बॅकअप नसेल किंवा बॅकअपमधून माहिती परत आणून पाहिलेली नसेल, तरीही थांबा. पासवर्ड किंवा एपीआय की सार्वजनिक गिटवर गेली असेल तर ती ताबडतोब रद्द करून नवी घ्या आणि मग मदत मागा. फाइल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते. एकाच वेळी दोन माणसं प्रोग्राम वापरताना कधीतरीच येणारा बिघाडही नवशिक्याने एकट्याने शोधायचा नाही. आणि एकाच तपासणीवर दोन तास गेले, तरी काय होतंय हे शब्दांत सांगता येत नसेल, तर तिथेच विचारा.

सगळं पुसून नव्याने लिहावंसं वाटेल. लिहू नका, त्या जुन्या कोडमध्ये आज तुम्हाला न आठवणारे नियम दडलेले असतात.

मदत मागताना बिघाड दाखवणारा वीस-तीस ओळींचा तुकडा पाठवा, अख्खा प्रोग्राम नको. एररचा पूर्ण मजकूर कॉपी करून द्या. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोतली ओळ समोरच्याला शोधता येत नाही. पायथॉनची आवृत्ती, आलेलं उत्तर आणि हाताने काढलेलं उत्तर लिहा. सभासदांची खरी नावं आणि थकबाकी त्यात जाणार नाही याची काळजी घ्या. फ्लॅट १०१, थकबाकी ३,००० एवढं पुरतं.